दुर्ग आणि ओसरी

"चूक करताच येत नाही म्हणतोस. म्हणजे नेमकं काय करता येत नाही?" टेंबेबाईंनी विचारलं.

"चुकीचं काहीच करता येत नाही, बाई. भाषाच करू देत नाही."

"कुणाला?"

"कुणालाही."

"असं..." म्हणून बाईंनी पुढची चिंच हातात घेतली.

रणजित खोचरे मनातून खूश झाला. हा प्रश्न येणार हे त्याला पुण्याहून निघतानाच माहीत होतं आणि उत्तर एसटीत दोनदा घोकून झालं होतं. बाई चटईवर बसून चिंचा फोडत होत्या. एका बाजूला चिंचोके, दुसऱ्या बाजूला गर, मधे शिरांचा गुंता. रणजित समोर खुर्चीत बसला होता आणि त्याच्या मांडीवर दोनशे बारा पानांचा प्रबंध होता. बाई खाली आणि आपण वर, हे त्याला बरं वाटत नव्हतं. पण बसवलं बाईंनीच होतं.

"बाई, ते सहीचं पान..."

"हात चिंचेचे आहेत. थांब जरा."

तो थांबला. आठ वर्षं थांबलेल्याला आणखी दहा मिनिटांचं काय!

टेंबेबाईंनी सारा जन्म संगणकाच्या भाषांवर घालवला होता. संगणकाला काम सांगायचं तर ते कुठल्यातरी भाषेत लिहून द्यावं लागतं, आणि अशा भाषा आभाळातून पडत नाहीत. कुणीतरी बसून त्या घडवतं. बाईंनी तीस वर्षांपूर्वी अशी एक भाषा घडवली होती. तिचं नाव 'ओसरी'. काही वर्षं ती शिकवली गेली, वापरली गेली आणि मग मागे पडली. बाई निवृत्त झाल्या आणि भोरजवळच्या एका गावात, मुलींच्या शाळेच्या मागे, तीन खोल्यांच्या घरात येऊन राहिल्या. रणजित त्यांचा शेवटचा विद्यार्थी. बाकीचे सगळे केव्हाच डॉक्टर होऊन पांगले होते.

रणजितनंही भाषाच घडवली होती. तिचं नाव 'दुर्ग'.

नावच सांगत होतं, की गडी काय करायला निघालाय.

बाईंच्या 'ओसरी'त काय, रणजितच्या 'दुर्ग'मध्ये काय, प्रोग्रॅम म्हणजे ऑब्जेक्टची वस्ती. एकेक ऑब्जेक्ट म्हणजे एकेक घर समजा. आपली माहिती आपल्या घरात ठेवायची. दुसऱ्याला काही हवं असेल तर त्यानं दार वाजवून विचारायचं, परस्पर आत शिरायचं नाही. हे सगळ्यांना मान्य आहे. भांडण आहे ते दार किती घट्ट असावं याचं.

'दुर्ग'मध्ये दार फारच घट्ट होतं. विचारायला परवाना लागे. ज्याला विचारायचं त्याची संमती लागे. ती संमती कधी संपणार, हेही आधीच लिहून द्यावं लागे. यातलं काही चुकलं, तर प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर तो तिथल्या तिथे परत पाठवी. रणजितला या कंपायलरचा फार अभिमान होता. लोक पोराच्या मार्कांचं सांगतात तसं तो त्याचं सांगायचा.

सोमवारी प्रबंध द्यायचा शेवटचा दिवस होता. आज शुक्रवार. सोमवारी दिला, तर जूनपासून बंगळूरच्या एका मोठ्या संशोधनशाळेत जागा पक्की होती. नाही दिला, तर विद्यापीठ अर्ज केल्यावर सहा महिने वाढवून देई, पण बंगळूरवाले थांबणार नव्हते. गडहिंग्लजला आईनं तर भाऊबंदांत 'आमचा डॉक्टर' म्हणायला सुरुवातही केली होती. सगळं अडलं होतं ते बाईंच्या एका सहीवर. माणसाला पीएच.डी.च्या आठव्या वर्षी ज्ञानाची भूक राहत नाही, सहीची असते.

आणि सहीची त्याला धास्ती होती. कारण वेगळंच होतं.

महिन्यापूर्वी त्यानं प्रबंध बाईंना पोस्टानं पाठवला होता. आज आल्याआल्या बाईंनी तो परत त्याच्या हातात दिला. त्यानं घाईघाईनं सगळी पानं चाळली. बाईंचा शेरा कुठेच नव्हता. दोनशे बारा पानांत एक प्रश्नचिन्ह नाही, एक फुली नाही. फक्त दुसऱ्या प्रकरणात, एकाच ठिकाणी, पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढलेली होती.

ते प्रकरण 'ओसरी'वर होतं. बाईंच्या भाषेत अडल्यावेळी एका ऑब्जेक्टला दुसऱ्याच्या घरात डोकावता येत असे. अट एकच, डोकावणाऱ्यानं दारावर आपलं नाव लिहून जायचं. रणजितनं त्यावर लिहिलं होतं, 'ओसरीच्या रचनेत ही फट राहून गेली. प्रस्तुत संशोधनाने ती बुजवली आहे.'

रेघ होती ती 'राहून गेली' या दोन शब्दांखाली.

वाक्य लिहिताना त्याला मोठी मजा वाटली होती. आता ते पुन्हा वाचवत नव्हतं.

"दुर्गमध्ये प्रोग्रॅम किती लिहिलेस तू?" बाईंनी विचारलं.

"सत्तावीस. सगळे परिशिष्टात आहेत. एकातही चूक नाही."

"लिहिणारे किती?"

"म्हणजे?"

"सत्तावीस प्रोग्रॅम किती जणांनी लिहिले?"

"मीच... म्हणजे भाषा नवी आहे, बाई. अजून कुणाला..."

"तिथे कोनाड्यात कागद आहेत बघ. शाळेच्या कॉम्प्युटरवर छापलेत. तुझी भाषा आणि तिची पुस्तिका तू मला प्रबंधाच्या बरीच आधी पाठवली होतीस ना, मी ती पलीकडे शबानाला दिली. शबाना मुजावर. शाळेत कॉम्प्युटर शिकवते, ग्रंथालयही तिच्याकडेच आहे. म्हटलं, पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम कर यात. तिनं केला."

रणजित ताडकन उठला.

आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याची भाषा बोललं होतं! भोरजवळच्या गावात, एका शाळेत, 'दुर्ग' चालत होता! त्यानं कोनाड्यातले कागद उचलले. नव्या आईबापाला पोराच्या तोंडून पहिला शब्द ऐकताना होतं, तसंच काहीसं झालं त्याला.

"चालतो?"

"दीड महिना चालतोय."

"कंपायलरनं किती चुका दाखवल्या?"

"शेवटी एकही नाही."

"बघा!" रणजित म्हणाला आणि वाचायला लागला.

पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग तो भराभर पानं उलटायला लागला, हरवलेलं काहीतरी शोधावं तशी. चौदा पानं होती. शेवटचं पान उलटून झालं आणि तो परत पहिल्यावर आला.

"बाई, यात ऑब्जेक्ट एकच आहे."

"हं."

"'शाळा' नावाचा एकच ऑब्जेक्ट! मुली त्यातच, पुस्तकं त्यातच, कपाटं त्यातच, तारखा त्यातच... हा प्रोग्रॅम नाही, हे गाठोडं आहे! एवढी वस्ती करायची सोय दिलीय भाषेत आणि या बाईंनी सगळ्यांना एका खोलीत कोंबलंय."

"कंपायलर काय म्हणाला?"

"तो काय म्हणणार? एका घराच्या आत कुणी कुणाला काय विचारावं, ते तो बघतच नाही. तो भिंती सांभाळतो."

"मग चूक नाही ना?"

"चूक... नियमानं नाही. पण ही काय रीत झाली? भाषा शिकून घ्यायची नाही आणि..." गाढवाला गुळाची चव काय, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. बाईंसमोर म्हणून त्यानं ते गिळलं आणि जरा सभ्य म्हण काढली. "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तशातली गत."

"अंगणाला ती नावं ठेवत नाहीये," बाई म्हणाल्या. "ती खूश आहे."

रणजितला हे जास्तच लागलं.

"येईलच आता. मधली सुट्टी झाली की ती इकडे डबा खायला येते. तूच बोल तिच्याशी."

बाईंनी चिंचोक्यांचा ढीग सारखा केला. शाळेची घंटा झाली. पाठोपाठ पोरींचा गलका उठला आणि पाचेक मिनिटांत मागच्या दारातून शबानाबाई आत आल्या. पस्तिशीच्या असतील. एका हातात डबा, दुसऱ्या हातात खडूचा खोका. पाहुणा कोण आहे हे बाईंनी सांगितल्यावर त्यांनी दोन्ही वस्तू गडबडीनं खाली ठेवल्या आणि हात जोडले.

"सर, तुम्हीच का दुर्गवाले? फार चांगली भाषा केलीत हो."

रागवायचं ठरवलेल्या माणसाला कुणी आधीच हात जोडले की पंचाईत होते.

"मॅडम, मी तुमचा प्रोग्रॅम बघितला. तुम्ही सगळं एकाच ऑब्जेक्टमध्ये का घातलंत?"

"ते व्हय..." शबानाबाई संकोचून हसल्या. "आधी नव्हतं घातलं, सर. तुमच्या पुस्तिकेत दिलंय तसंच केलं होतं. मुलगी वेगळी, पुस्तक वेगळं, कपाट वेगळं. चांगलं दिसत होतं. मग पुस्तकाला विचारायचं होतं, की बाबा, तू कुणाकडे आहेस? तर कंपायलर म्हणाला, परवाना दाखवा. काढला परवाना. मग म्हणाला, मुलीची संमती कुठाय? ती जोडली. मग म्हणाला, संमती कधी संपणार? आता ते मला काय ठाऊक? पोरगी शाळा सोडेल तेव्हा संपणार, आणखी कधी! कसंबसं तेही लिहिलं. तर म्हणाला, कपाटाचा परवाना राहिला."

"तो बरोबरच म्हणत होता."

"बरोबरच, सर. मी कुठे चूक म्हणते? एकोणीस परवाने झाले. रोज घरी जाऊन तेच. आमचे हे म्हणायला लागले, तू शाळेत आहेस का तहसील कचेरीत?"

बाई खाली मान घालून चिंच फोडत होत्या.

"मग एका रविवारी माझ्या डोक्यात उजेड पडला," शबानाबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच आनंद होता, वर्गात अवघड गणित सुटल्यावर पोरींच्या चेहऱ्यावर असतो तसा. "भिंतीच्या आत कुणी काही विचारतच नाही! मग म्हटलं, सगळ्यांना आतच घेऊ. घेतलं. एका दुपारी झालं बघा सगळं. एकदा आत गेलं की काही म्हणजे काही जाच नाही तुमच्या भाषेत."

रणजितचे कान तापले. ही बाई आपली चेष्टा करतेय की काय, म्हणून त्यानं नीट बघितलं. चेष्टा नव्हती. ती मनापासून त्याचं कौतुक करत होती.

"पण मॅडम, यानं भाषेचा उद्देशच..." त्यानं हातातले कागद परत चाळले. "तुम्हाला आणखी काही सोय हवी होती का?"

"छे हो. एवढंच वाटलं, की कधीतरी नुसतं डोकावून बघता आलं असतं तर... म्हणजे नेहमी नाही. अडल्यावेळी. मग कशाला सगळ्यांना एका खोलीत आणलं असतं?"

बाईंच्या हातातली चिंच कडकन फुटली.

शबानाबाईंनी डबा उघडला, बाईंपुढे धरला, मग रणजितपुढे धरला. त्यानं नको म्हटलं. पोळीचा तुकडा मोडता मोडता त्यांना काहीतरी आठवलं.

"आणि चूक झाली ती माझीच झाली, सर. तुमच्या भाषेचा काही दोष नाही."

"कसली चूक?"

"काही नाही हो. सातवीत दोन सानिका शेडगे आहेत. चुलत बहिणी. एकीनं पुस्तक आणून दिलं, नोंद झाली दुसरीच्या नावावर. सगळं एकाच खोलीत ना, मीच कुठेतरी घोळ घातला असणार. मग जिनं आणून दिलं तिलाच पंधरा दिवस नवं पुस्तक देत नव्हता कॉम्प्युटर. ती बिचारी रोज येऊन सांगायची, बाई, मी दिलं, देवाशप्पथ दिलं."

"मग?"

शबानाबाईंचा हात थांबला.

"मग काय... मी तिला सगळ्या वर्गासमोर म्हटलं, खोटं बोलू नको. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आहे ना तुमच्या, 'या भाषेत चूक करता येत नाही.' मी म्हटलं, यंत्र चुकत नाही, तूच चुकतेयस. रडली फार. पुढच्या आठवड्यात पुस्तक कपाटातच सापडलं. मी माफी मागितली तिची. पण ती आता ग्रंथालयात येत नाही फारशी."

रणजित उभा होता तो खाली बसला. या खेपेला खुर्चीत नाही, चटईच्या कडेला.

ते वाक्य त्यानं एका संध्याकाळी, फार विचार न करता, पुस्तिकेच्या पहिल्या पानावर टाकलं होतं. छान दिसलं होतं ते. एक सातवीतली पोरगी त्यापायी वर्गासमोर खोटारडी ठरेल, हे त्याच्या सत्तावीस प्रोग्रॅमपैकी एकानंही त्याला सांगितलं नव्हतं.

शबानाबाईंनी डबा आटपला, खडू उचलले आणि पुन्हा एकदा आभार मानून त्या गेल्या. त्यांच्या मागे मागचं दार नुसतं लोटलेलं राहिलं.

रणजितनं प्रबंध हातात घेऊन दुसरं प्रकरण उघडलं.

माणूस कोंडीत सापडला की दोनपैकी एक करतो. गप्प बसतो, नाहीतर समोर जो असेल त्याच्यावर धावून जातो. रणजित गडहिंग्लजचा होता. गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"बाई, तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"काय?"

"मला तिच्यासमोर उभं केलंत. सही द्यायची नव्हती तर तसं सांगायचं. दुसऱ्या प्रकरणातलं ते वाक्य तुम्हाला झोंबलं. तुमच्या भाषेत खोट काढली म्हणून... रेघही तिथेच आहे ना तुमची! दोनशे बारा पानांत तेवढीच रेघ आहे."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. आठ वर्षांत बाईंशी तो असा कधी बोलला नव्हता. उलट उत्तर देण्याची वेळ बाईंनी कधी येऊच दिली नव्हती. पण शब्द तोंडातून गेले होते.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही, पण बघितलं.

मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आत गेल्या, पाण्याचा आवाज आला, आणि पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"पेन दे."

त्यानं दिलं.

"पान कुठाय?"

त्यानं फाइलीतून मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र काढलं. बाईंनी ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, चष्मा लावला आणि सही केली. वत्सला टेंबे. सावकाश, ठसठशीत, एकही अक्षर न गाळता. पान टेबलावर ठेवलं आणि त्यावर चिंचोक्यांची वाटी ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

"झालं," त्या म्हणाल्या.

रणजित बघतच राहिला. ज्या गोष्टीसाठी तो आठ वर्षं झिजला, ती सुपारी कातरायला लागावा तेवढ्या वेळात झाली होती. आनंद व्हायला हवा होता. शोधून पाहिला, तो कुठे दिसेना.

"तुम्ही सही केलीत?"

"त्यासाठीच आलास ना?"

"प्रबंध... वाईट आहे का, बाई?"

"नाही. चांगला आहे. मेहनत आहे त्यात. परीक्षक खूश होतील."

"मग..."

बाई परत चटईवर बसल्या. चिंचा अजून अर्ध्या बाकी होत्या. त्यांनी पुढची फोडायला घेतली.

त्यानं शबानाबाईंचे कागद परत हातात घेतले. या खेपेला तो सावकाश वाचत होता. सातव्या पानावर, एकाच खोलीच्या गर्दीत, मुलीला तिच्या नावानं शोधणारी ओळ त्याला सापडली. फक्त नावानं. दोन सानिकांची गाठ इथेच पडली होती. मुलगी वेगळ्या घरात राहिली असती, तर प्रत्येकीचं घर वेगळं असतं, घोळ झालाच नसता. आणि मुलीला वेगळ्या घरात राहू दिलं नव्हतं ते कुणी? एकोणीस परवान्यांनी. ते परवाने कुणाचे, हे त्याला विचारावं लागलं नाही.

एका जागी समासात शबानाबाईंनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'इथे सर काय म्हणतील?'

त्यानं कागद घडी न घालता छातीशी धरले.

"बाई, हे मी नेऊ का?"

"माझे नाहीत ते. जिचे आहेत तिला विचार."

रणजित मागच्या दारानं बाहेर पडला. मधे मेंदीचं कुंपण, कुंपणात ये-जा करून पडलेली पायवाट, पलीकडे शाळा. मधली सुट्टी संपत आली होती. ग्रंथालय म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची एक खोली होती, त्यात दोन कपाटं आणि एक जुना कॉम्प्युटर. शबानाबाई कपाटाला कुलूप लावत होत्या.

"मॅडम, तुमचे कागद मी नेले तर चालेल?"

"माझे? ते कशाला हो सर, ते तर नुसतं..."

"मला शिकायचंय त्यातून."

शबानाबाई गोंधळल्या. सर लोक असं बोलत नाहीत.

"न्या की."

"आणि तुमचा कॉम्प्युटरचा तास केव्हा असतो?"

"मंगळवारी. दुपारी दोन ते तीन."

"मी येऊन मागे बसलो तर? मी काही बोलणार नाही. तुम्ही आणि मुली माझी भाषा कशी वापरता, तेवढं बघेन. एक तास. चालेल तुम्हाला म्हटलं तर पुढच्या मंगळवारीही, आणि त्याच्या पुढच्याही."

म्हणताना त्याला सोमवार आठवला नाही. म्हणून झाल्यावर आठवला. पण तोवर शबानाबाईंनी मान हलवली होती.

"ती सानिका... कोणती?"

शबानाबाईंनी हनुवटीनं दाखवलं. नळापाशी तीन-चार पोरी होत्या. त्यातली एक दप्तराचा बंद दातात धरून वेणी घट्ट करत होती. रणजित तिच्याजवळ गेला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. आठ वर्षं भाषा घडवणाऱ्या माणसाला एका पोरीशी बोलायला शब्द सुचत नव्हते.

"सानिका, ते पुस्तक तू परत केलं होतंस. यंत्र चुकलं होतं. म्हणजे... यंत्राला शिकवणारा मी. मीच चुकलो होतो. तू नाही."

पोरीनं दातातला बंद काढला. त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मला माहीतच होतं," ती म्हणाली आणि वर्गात पळाली.

घंटा झाली.

तो परत आला तेव्हा बाईंच्या चिंचा संपत आल्या होत्या. गराचा गोळा करून त्या मिठाबरोबर बरणीत भरत होत्या. त्यानं शबानाबाईंचे कागद पिशवीत घातले, प्रबंध घातला. प्रबंध घालताना दुसरं प्रकरण आपोआप उघडलं, तिथेच तो सारखा उघडून बघत होता ना. पेन्सिलीची ती बारीक रेघ होती तिथेच होती.

"मंगळवारी येतोय इकडे," तो म्हणाला. "शाळेत."

"ये. जेवायलाच ये."

"सोमवारचं... बघतो."

बाईंनी गराचा शेवटचा गोळा बरणीत टाकला.

त्यानं चिंचोक्यांची वाटी बाजूला केली आणि सहीचं पान उचललं. फाइलीत घालता घालता त्याची नजर त्यावर पडली. बाईंचं नाव होतं. सही होती. सहीखाली छापील अक्षरात 'दिनांक' होतं आणि त्याच्यापुढची ठिपक्यांची ओळ कोरीच होती.

पेन अजून टेबलावरच होतं. त्यानं ते उचललं आणि बाईंपुढे धरलं.

"बाई, तारीख राहून गेली."

बाईंनी बरणीचं झाकण लावलं. फार घट्ट नाही.

"राहून गेली नाही, रणजित," त्या म्हणाल्या. "ठेवलीय."